"जसंच्या तसं ठेवा" म्हणणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही बाजूंच्या कंपन्यांमधले डॉक्युमेंटेशनवाले, एक्स्पोर्टवाले, क्यूएवाले (म्हणजे क्वालिटी सांभाळणारे), आणि त्यांच्या-माझ्या मध्ये बसलेले भाषांतर एजन्सींचे प्रोजेक्ट मॅनेजर लोक,

नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते, १९ वर्षं फ्रेंचमधून इंग्रजी-मराठीत आणि इकडून फ्रेंचमध्ये भाषांतराचं काम करते. तुमच्यातले बरेच जण मला नावाने ओळखत नसतील, पण "ती फार प्रश्न विचारणारी बाई" म्हणून नक्की ओळखतात, कारण तुमच्यातल्याच एका मुलाने मला चुकून सीसीमध्ये ठेवून तसा मेल टाकला होता. मी रागावले नाही, पोरगं नवीन होतं. पण हे पत्र त्या दिवसापासून डोक्यात होतं आणि परवा रात्री पुन्हा तेच झालं, म्हणून आज बसलेच लिहायला.

माझे ते "फार प्रश्न" बहुतेक वेळा एकाच जातीचे असतात, की पान अमुक, ओळ तमुक, ही जी तीन अक्षरं आहेत त्यांचा इथे फुल फॉर्म काय. आणि तुमचं उत्तरही ठरलेलं: "मॅम, स्टँडर्ड अ‍ॅब्रिव्हिएशन आहे, जसंच्या तसं ठेवा."

मग टीटीसीपासूनच सुरू करते, कारण तुमच्यातले निम्मे तिथेच बसता. रबाळे, महापे, पावणे, तुर्भे, हा सगळा पट्टा म्हणजे टीटीसी एमआयडीसी, ट्रान्स ठाणे क्रीक, हे इथल्या रिक्षावाल्यालाही माहीत आहे. आता फ्रेंच कोटेशन घ्या. त्यात खाली दोन आकडे असतात, एकापुढे एचटी, दुसऱ्यापुढे टीटीसी. एचटी म्हणजे 'ऑर ताक्स', टॅक्स सोडून. टीटीसी म्हणजे 'तूत ताक्स काँप्रीझ', सगळे टॅक्स धरून. फ्रान्समध्ये भाजीवाल्यापासून सगळ्यांना हे पाठ असतं. मी या लाईनीत नवीन होते तेव्हा इथल्याच एका कारखान्याला तिकडून इलेक्ट्रिक पॅनेलचं कोटेशन आलं, मला सांगितलं गेलं की टेबलमधल्या अक्षरांना हात लावू नका, मीही नाही लावला. परचेसवाल्यांनी काय वाचलं? पॅनेल हाय टेन्शनचं होतंच, त्यामुळे एचटी अगदी फिट बसलं, आणि टीटीसी म्हणजे अर्थातच आपल्या टीटीसीत माल पोचवून मिळेल तो भाव. दोन आकड्यांत १९.६ टक्क्यांचा फरक होता, कारण तेव्हा तिकडचा व्हॅट तेवढा होता, आणि आमचे लोक पंधरा दिवस त्या फ्रेंच माणसाशी भाडं कमी करायची घासाघीस करत होते. तो बिचारा विचारतोय कसलं भाडं. युरोपबाहेर माल विकताना तो टॅक्स लागतच नाही, त्यामुळे तो आकडा मुळात त्यांच्या कामाचाच नव्हता.

यात मी एकही शब्द चुकीचा लिहिला नव्हता बरं का. जसंच्या तसं ठेवलं होतं. पण कागद वाचणारा माणूस रिकामी जागा रिकामी सोडत नाही, त्याच्या खिशात जो फुल फॉर्म असतो तो तो तिथे घालतो आणि पुढे जातो, आणि त्याला कळतही नाही की आपण काही घातलंय.

आणि आपण काय फ्रेंचांना हसायचं म्हणा. माझे सासरे टीएमटीतून, म्हणजे ठाण्याच्या बससेवेतून रिटायर झाले, गेल्या वर्षी छातीत दुखलं म्हणून नेलं तर डॉक्टर म्हणाले काका टीएमटी करायला लागेल, तर हे म्हणतात, "३१ वर्षं केली की." डॉक्टरला ट्रेडमिल म्हणायचं होतं. शेजारी इमारतीचं काम चालू आहे तिथे आलेल्या ट्रकवर लिहिलेलं टीएमटी म्हणजे सळ्या. तीच तऱ्हा बिल्डरच्या कागदांची. सीसी म्हणजे काम सुरू करायचा कमेन्समेंटचा दाखला की काम पुरं झाल्याचा कम्प्लिशनचा? दोन्हीला लोक सीसीच म्हणतात, म्हणजे इमारतीचं बारसं आणि लग्न एकाच नावाने. मी एकदा घणसोलीच्या एका फ्लॅटचे कागद फ्रेंचमध्ये करत होते, मुलाच्या तिकडच्या बँकेला द्यायचे होते, त्यात नुसतं "सीसी मिळालेले आहे". दोनदा फोन केला तेव्हा कळलं की सुरू करायचा दाखला मिळालेला आहे. पूर्ण झाल्याचा लिहिला असता तर बँकेला वाटलं असतं घर उभं आहे. त्याच मुलाने ल्याँमधल्या खोल्यांची यादी पाठवली होती, त्यात भाड्यापुढे सीसी, तिथे त्याचा अर्थ 'शार्ज काँप्रीझ', म्हणजे मेंटेनन्स धरून. आणि एलसी? आईबापांसाठी शाळा सोडल्याचा दाखला, न्हावा शेवाला माल पाठवणाऱ्यासाठी लेटर ऑफ क्रेडिट.

तरी बोलताना आपला घोळ होत नाही, कारण मराठी आपल्याला सांभाळून घेते. "तो एसटीने आला" म्हटलं की लाल बस, "तो एसटीतून लागला" म्हटलं की आरक्षणाची जागा. एक 'ने' आणि एक 'तून', काम झालं. फ्रेंचमध्ये हे काम लिंग करतं. अक्षरांच्या आधी 'ल' की 'ला' हे मूळ शब्दावरून ठरतं, आणि त्यामुळे कधी कधी नुसत्या आर्टिकलवरून अर्थ हाती लागतो. आता आरसीपी घ्या, औषधवाल्यांनी नीट ऐका. 'ल आरसीपी' पुल्लिंगी, तो 'रेझ्युमे', म्हणजे औषधाच्या गुणधर्मांचा तो अधिकृत कागद ज्याला तुम्ही इंग्रजीत एसएमपीसी म्हणता. 'ला आरसीपी' स्त्रीलिंगी असेल तर तीन शक्यता: छाती दाबून श्वास देऊन माणूस वाचवायचा ते सीपीआर, किंवा कॅन्सरच्या पेशंटबद्दल वेगवेगळे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतात ती मीटिंग, किंवा विम्याचा कागद असेल तर डॉक्टर-वकील लोकांची व्यवसायातल्या चुकीबद्दलची जबाबदारी. एकच तीन अक्षरं, चार जगं. तसंच पीए: 'ला पीए' म्हणजे ब्लड प्रेशर, 'ल पीए' म्हणजे औषधातला मुख्य घटक, ज्याला तुम्ही एपीआय म्हणता, आणि आकड्यानंतर आलं, "२० पीए" असं, तर तो माणूस किती सिगारेटी ओढतो त्याचा हिशेब, रोजची पाकिटं गुणिले वर्षं.

हे सगळं छान, फक्त तुमच्या फायलींमध्ये वाक्यं असतात कुठे? टेबलं असतात. शिक्के असतात. हेडिंगं असतात. तिथे आर्टिकल गळून पडतं आणि माझ्या हातातली एकुलती एक दोरी तुटते. एका कॅन्सरच्या औषधाच्या फाईलमध्ये हॉस्पिटलचं पत्र जोडलेलं होतं, वर फक्त "आरसीपी, १२ मार्च". आधीच्या भाषांतरकाराने सरळ "१२ मार्चचं एसएमपीसी" केलं होतं, कारण बाकी अख्खी फाईल औषधाचीच होती आणि त्या फाईलमध्ये दुसरीकडे सगळीकडे ते बरोबरच होतं. इथे मात्र ती डॉक्टरांची मीटिंग होती. मला ते कळलं ते खाली हजर असलेल्यांची नावं होती म्हणून. एसएमपीसीला कोणी हजर राहत नाही.

आता तुम्ही म्हणाल की मॅम, संदर्भावरून कळतं ना. कळतं, बऱ्याचदा कळतं. ओएनयू म्हणजे यूएन, ओटीएएन म्हणजे नेटो, एडीएन म्हणजे डीएनए, व्हीआयएच म्हणजे एचआयव्ही आणि सिदा म्हणजे एड्स, हे पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा करतात, अक्षरांचा क्रम बदलला की झालं. त्याहून जरा त्रासाचं म्हणजे अक्षरं इकडेही ओळखीची आणि तिकडेही ओळखीची पण जागा बदललेल्या. फ्रेंच आयपीसी म्हणजे महागाईचा तो निर्देशांक ज्याला आपण इंग्रजीत सीपीआय म्हणतो, फ्रेंच सीपीआय म्हणजे हेगचं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय, ज्याला इंग्रजीत आयसीसी म्हणतात, आणि आयसीसी म्हटलं की आपण लगेच स्कोअर विचारतो. पीआयबी म्हणजे त्यांचा जीडीपी, पीएनबी म्हणजे जीएनपी, आणि दोन्ही आपल्या पेपरात रोज छापून येतात, एक सरकारी माहिती कार्यालय म्हणून आणि एक बँक म्हणून. एलटीए दिसलं की तुमचे एचआरवाले सुट्टीच्या प्रवासाचा भत्ता समजून खुश होतील, फ्रेंचमध्ये तो एअरवे बिल, विमानाने जाणाऱ्या मालाचा कागद. आफ्रिकेतल्या पत्त्यात बीपी म्हणजे पोस्ट बॉक्स, आणि तो पत्ता एकदा आमच्याकडे "ब्लड प्रेशर ०१" होऊन आला होता, मशीनने केलेला, तपासणाऱ्याने ओके केलेला.

पण हे सगळे विनोद आहेत, पकडले जातात, कारण अर्थच लागत नाही. मला झोप लागू देत नाहीत त्या चुका ज्यांचा अर्थ अगदी नीट लागतो.

नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलसाठी फाईल होती, आफ्रिकेतून उपचाराला येणारा पेशंट, फ्रेंच बोलणारा देश, तिकडच्या डॉक्टरने हाताने लिहिलेली दोन पानं. जुन्या आजारांच्या रकान्यात लिहिलेलं: एचटीए, मग स्वल्पविराम, मग "आयव्हीजी, २००९". एचटीए म्हणजे हायपरटेन्शन, ते सोपं. (त्याच आठवड्यात माझ्याकडे ट्रान्सफॉर्मरचीही फाईल होती, त्यात एचटीए म्हणजे १ किलोव्होल्टच्या वरचं आणि ५० पर्यंतचं व्होल्टेज. फ्रेंचमध्ये रक्तदाबालाही 'ताँसियाँ' आणि व्होल्टेजलाही 'ताँसियाँ', आपल्याकडे दोन्हीचं आपल्याला येतं ते टेन्शन.) तर आयव्हीजी. फ्रान्समध्ये रस्त्यावरच्या कोणालाही विचारा, आयव्हीजी म्हणजे गर्भपात, इच्छेने केलेला, तिथल्या कायद्यातला शब्दच आहे तो. एजन्सीतल्या नवीन मुलीने तेच लिहिलं, आणि मला फाईल तपासायला आली. मी वर पाहिलं, पेशंट पुरुष, वय ६३. हसलो आम्ही दोघीही फोनवर. हृदयाच्या डॉक्टरांच्या भाषेत आयव्हीजी म्हणजे डाव्या बाजूचं हार्ट फेल्युअर, 'अँस्युफिझाँस व्हाँत्रिक्युलेर गोश'. दुरुस्त केलं, फाईल गेली.

मग ठाण्याहून ट्रान्स हार्बरने वाशीला जात होते, ऐरोलीच्या पुढे कुठेतरी माझं हसू गेलं. ती बाई असती तर? ६३ वर्षांची बाई, २००९ साली सेहेचाळीस-सत्तेचाळीसची. कोणालाच काही खटकलं नसतं. मलाही खटकलं नसतं, हे लिहायला लाज वाटते पण खरं आहे. इथला डॉक्टर वाचेल की जुना गर्भपात आहे, बरं, पुढे, आणि हृदय एकदा दगा देऊन बसलंय हे त्याला त्या कागदावरून कळणारच नाही. आणि लिंग इथे कामाचं नाही, इच्छेने थांबवणंही स्त्रीलिंगी आणि हृदयाचं कमी पडणंही स्त्रीलिंगी, दोन्ही 'युन आयव्हीजी'. त्यानंतर मी मेडिकल फाईलमध्ये एकही अक्षर अंदाजाने सोडवत नाही, विचारते. तुम्हाला ते "फार प्रश्न" वाटतात.

आता क्यूएवाल्यांसाठी एनसीची गोष्ट, नाव गाव काही सांगत नाही, ज्यांची आहे त्यांना कळेल.

गोळ्या-कॅप्सूल बनवणारा कारखाना. पश्चिम आफ्रिकेतल्या एका देशातून इन्स्पेक्शन झालं, रिपोर्ट फ्रेंचमध्ये आला, पुढे जोडलेली छापील चेकलिस्ट, सगळ्या प्रकारच्या कारखान्यांसाठी एकच. प्रत्येक ओळीपुढे सी किंवा एनसी. सी म्हणजे 'काँफॉर्म', ठीक आहे. एनसी होते २३ ओळींत. एनसी म्हणजे 'नाँ काँफॉर्म' असू शकतं, म्हणजे नियमात बसत नाही. 'नाँ काँसेर्ने' असू शकतं, म्हणजे तुम्हाला लागूच नाही. आणि 'नाँ कॉम्युनिके' असू शकतं, म्हणजे माहिती दिली गेली नाही. त्या २३ मध्ये इंजेक्शनच्या स्टराईल एरियाच्या ओळी होत्या, आणि या कारखान्यात इंजेक्शन बनतच नाही, म्हणजे तिथे लागू नाही असंच असणार. पण वजनकाट्यांच्या कॅलिब्रेशनपुढेही एनसी होतं. गोडाऊनच्या तापमानाच्या नोंदींपुढेही होतं. मी २३ ओळींची यादी करून रात्री साडेअकराला मेल केला, प्लीज इन्स्पेक्टरला विचारा, एका मेलचं काम आहे. सकाळी उत्तर: "स्टँडर्ड आहे मॅम, एज इट इज." मी तसंच ठेवलं आणि खाली टीप टाकली. एजन्सीत पुढच्या माणसाने टीप उडवली, क्लायंटला टीपा आवडत नाहीत म्हणून, आणि वर सगळीकडे नॉन-कम्प्लायंट करून टाकलं.

शुक्रवार संध्याकाळ. २३ नॉन-कम्प्लायन्स. शनिवार-रविवार सगळ्यांना बोलावलं, २३ कॅपा (म्हणजे दोष सुधारायच्या आणि पुन्हा होऊ नये म्हणून करायच्या कामाच्या फायली) उघडले, जी इंजेक्शनची लाईन त्यांच्याकडे नाही तिच्यासाठीसुद्धा एक माणूस मूळ कारण शोधत बसला होता, फिशबोन डायग्राम काढून. (कॅपा म्हणजे फ्रान्समध्ये वकिली करायचा दाखला, ते जाऊ दे आत्ता.) पाचव्या दिवशी कोणीतरी शेवटी इन्स्पेक्टरला मेल केला, दुसऱ्या दिवशी दोन ओळींत उत्तर आलं. २३ पैकी १४ लागू नाहीत, ६ ची माहिती दिली नव्हती ती पाठवा, आणि ३ खरोखरचे दोष. त्या तिनात वजनकाटे होते. म्हणजे सगळा आठवडा जी लाईन नाहीच तिच्यामागे गेला आणि काटे सहा दिवस तसेच वजन करत होते. आणि माझ्या बिलातून पैसे कापले गेले, "टर्मिनॉलॉजी एरर" म्हणून. ते पैसे नकोयत मला, पण तो शब्द काढा.

न्हावा शेवाच्या लोकांचं थोडक्यात सांगते. फ्रेंचमध्ये बीएल म्हणजे साधारणपणे 'बाँ द लिव्हरेझाँ', आपलं डिलिव्हरी चलान. पण बंदरावर तोच फ्रेंच माणूस इंग्रजीतलं बिल ऑफ लेडिंगही, म्हणजे जहाजातून आलेला माल सोडवून घ्यायचा कागद, बीएलच म्हणतो, त्याला 'कोनेस्माँ' हा स्वतःचा शब्द असूनही. माझ्या एका मैत्रिणीने "ओरिजिनल बीएल पाठवा" चं चलान केलं, कंपनीने इमानदारीत चलानाची ओरिजिनल कुरिअर केली, आणि कंटेनर तिकडे आबिजानला पडून, मीटर चालू. ती आता शाळेत शिकवते, खुश आहे.

पैशाचंही तेच. भिवंडीच्या गोडाऊनमध्ये सीएफए म्हणजे कॅरिंग अँड फॉरवर्डिंग एजंट, आमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलासाठी सीएफए म्हणजे परीक्षा ज्यासाठी तो दोन वर्षं पार्टीला येत नाहीये, आणि डाकारच्या माणसासाठी खिशातले पैसे. फ्रँक सीएफए सुरू झाला डिसेंबर १९४५ मध्ये, तेव्हा त्याचा अर्थ होता आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहती. १९५८ मध्ये वसाहती शब्द नको झाला, तर त्याच तीन अक्षरांखाली 'आफ्रिकेतला फ्रेंच समुदाय' आला. आज सेनेगल, आयव्हरी कोस्टच्या बाजूला त्याचा अर्थ 'आफ्रिकी वित्तीय समुदाय' आणि कॅमेरून, गॅबनच्या बाजूला 'मध्य आफ्रिकेतलं वित्तीय सहकार्य'. दोन वेगळ्या केंद्रीय बँका, दोन वेगळे कोड, एक्सओएफ आणि एक्सएएफ, भाव मात्र दोघांचा सारखाच, एका युरोला ६५५.९५७. अक्षरं तीच ठेवून आतलं सामान दोनदा बदललं. त्यामुळे १९५० चा कागद असेल तर एक फुल फॉर्म, आजचा असेल तर देश बघून दुसरा, आणि इनव्हॉइसवर नुसतं सीएफए असेल तर तुमची बँकच तुम्हाला विचारणार आहे कोणता, तेव्हा तिलाही सांगा जसंच्या तसं ठेवा म्हणून.

हे वाचून कोणी म्हणेल मग बाईला सगळंच उलगडून हवंय. तसंही नाही. काही अक्षरं उलगडायचीच नसतात. सर्न, ती जिनिव्हाजवळची अणूच्या आतल्या कणांवर संशोधन करणारी संस्था, तिचं नाव १९५२ च्या एका तात्पुरत्या कौन्सिलचं आहे, १९५४ मध्ये कायमची संस्था झाली आणि कौन्सिल गेलं, पण नाव तेच राहिलं, ते उलगडलं तर जी गोष्ट अस्तित्वात नाही ती लिहाल. यूटीसी, म्हणजे जगभरची घड्याळं जिच्यावर लावतात ती वेळ, तर कोणाचाच फुल फॉर्म नाही, इंग्रजीवाल्यांना हवं होतं सीयूटी, फ्रेंचवाल्यांना टीयूसी, शेवटी दोघांचंही नको म्हणून यूटीसी, आणि तुमच्या प्रत्येक सर्व्हरवर ते भांडण मिटलेलं दिसतं. बुद्धिबळाची फिडे (१९२४, पॅरिस) आणि फुटबॉलची फिफा (१९०४, तेही पॅरिस) ही दोन्ही नावं मुळात फ्रेंच आहेत, आपण कधी विचारतो का. उलटीकडे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांचा एकच व्यापार करार अमेरिकेत यूएसएमसीए, कॅनडात इंग्रजीत सीयूएसएमए, कॅनडातच फ्रेंचमध्ये एसीईयूएम आणि मेक्सिकोत टी-मेक. प्रत्येक ठिकाणी काय करायचं ते मला येतं, त्याचेच पैसे घेते मी. फक्त हे कोणतं ठिकाण आहे ते मला कळायला हवं.

"डिक्शनरीत बघा ना" असंही एकाने मला लिहिलं होतं. बघते हो. कॅनडा सरकारचं टर्मियम आहे, युरोपियन युनियनचं आयएटीई आहे, क्युबेकचा मोठा शब्दकोश आहे, तिन्ही फुकट आणि तिन्ही उत्तम, रोज उघडी असतात माझ्याकडे. पण ती मला सांगतात की या अक्षरांचे आठ अर्थ आहेत. आठातला तुमच्या पान ३८ वरचा कोणता हे तिथे लिहिलेलं नसतं, ते ज्याने पान ३८ लिहिलं त्याच्या डोक्यात असतं, आणि तो तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असतो, माझ्या नाही. मशीनचं तर विचारूच नका. त्याला आठ अर्थ आहेत हेसुद्धा ते सांगत नाही, एक उचलून छान गुळगुळीत वाक्यात बसवतं. एकदा एका पॅकिंग लिस्टवर पोचायचं ठिकाण ईएयू होतं, म्हणजे एमिरेट्स, दुबईचा माल, मशीनने लिहिलं "पाणी". फ्रेंचमध्ये पाण्यालाही हीच तीन अक्षरं लागतात, त्यामुळे त्याची चूक म्हणावी तर चूकही नाही.

मग मला तुमच्याकडून हवंय काय? फार काही नाही. फाईल पाठवताना ज्याने ती लिहिली त्याच्याकडून एक पान मागा, त्यात त्यांची अक्षरं आणि पुढे पूर्ण शब्द, फ्रेंचमध्येच चालतील, हाताने लिहून फोटो काढला तरी चालेल. बऱ्याच कंपन्यांकडे अशी यादी असते, आत कुठेतरी सर्व्हरवर पडलेली, कोणी मागत नाही म्हणून कोणी देत नाही. आणि मी प्रश्न पाठवला की तो तुमच्याकडेच अडवून स्वतः उत्तर देऊ नका, पुढे पाठवा. क्लायंटला त्रास होईल अशी भीती तुम्हाला वाटते, मला माहितेय, मीही तीन वर्षं एजन्सीत बसून काढलीत, प्रश्न पाठवला की क्लायंट म्हणतो तुमच्या ट्रान्सलेटरला येत नाही का. तर त्यांना सांगा, तिला आठ येतात, तुमचा कोणता ते विचारतेय. टीप उडवायची असेल तर उडवण्याआधी मला फोन करा. आणि क्यूएवाल्यांनो, तुम्ही स्वतःच्या एसओपीमध्ये, म्हणजे काम कसं करायचं त्याच्या लेखी पद्धतीत, पहिल्यांदा शब्द आला की पूर्ण लिहून कंसात अक्षरं देता, नसतील दिली तर ऑडिटर तुम्हाला झापतो, मग बाहेरून आलेल्या कागदाला तोच नियम लावायला काय हरकत आहे.

पैशाचं बोलायला नको होतं पण बोलतेच. मला शब्दाप्रमाणे पैसे मिळतात, आरसीपी हा तुमच्या हिशेबात एक शब्द. त्याच्यामागे अर्धा तास जातो. अंदाज ठोकला तर अर्धा सेकंद. मी अंदाज ठोकावा असंच तुमच्या रेटकार्डात लिहिलंय, फक्त कोणी तसं मोठ्याने म्हणत नाही.

असो. परवा रात्रीचं सांगते आणि थांबते, कारण फाईल अजून माझ्याकडेच आहे आणि डिलिव्हरी मंगळवारी आहे. बांधकामाचं प्रकरण आहे, काम लांबलं म्हणून दंड कोणी भरायचा त्यावरचा पत्रव्यवहार, एकूण ६१ पानं. पान ३८ वर सहावी ओळ: उशीर "ला एमओ" मुळे झाला. एमओ म्हणजे 'मेत्रीझ दुव्राज' असू शकतं, म्हणजे ज्याने काम करून घेतलं तो मालक. 'मेत्रीझ दव्र' असू शकतं, म्हणजे कामावर देखरेख करणारा कन्सल्टंट. आणि 'मँ दव्र' असू शकतं, म्हणजे मजूर कमी पडले, जे कॉन्ट्रॅक्टरच्या अंगावर येतं. तिन्ही स्त्रीलिंगी, त्यामुळे 'ला' चा काही उपयोग नाही. बाकी पानांवर मालकाला एमओए आणि कन्सल्टंटला एमओई लिहिलंय, म्हणून मजूर असावेत असं वाटतं, पण पान ३८ दुसऱ्या माणसाच्या सहीचं आहे आणि तो आपल्या पत्रांत कुठेच ए किंवा ई लावत नाही.

मी मेल केला. उत्तर आलंय, "जसंच्या तसं ठेवा."

नाही ठेवणार. त्या सही करणाऱ्या माणसाचा ईमेल त्याच पानाच्या तळाशी आहे, मला थेट लिहायची परवानगी नाही, तुम्हाला आहे. त्याला एवढंच विचारा: मालक, कन्सल्टंट की मजूर. सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा, मी जागीच आहे.

तुमची,
ती फार प्रश्न विचारणारी बाई
नौपाडा, ठाणे